दाद मागणं आणि जाब विचारणं: केनियातला घोळ

आफ्रिकेतल्या लोकशाहीवर काही वाचायला घेतलं की दोन गोष्टी कायम जोडीने येतात, लोकांचा आवाज आणि सरकारचं उत्तरदायित्व, आणि लिहिणारे पण असं लिहितात की एक आलं की दुसरं आपोआप मागून येणारच. नाही येत हो. मराठीत हा फरक पटकन कळतो, कारण आपल्याकडे दाद मागणं वेगळं आणि जाब विचारणं वेगळं. दाद मागताना समोरचा वर बसलेला असतो, मनात आलं तर देईल, नाहीतर दाद लागू देणार नाही. जाब विचारला की उत्तर देणं त्याच्या अंगावर येतं, आणि नाही दिलं तर त्याचं काहीतरी बिघडायला पाहिजे. काहीच बिघडणार नसेल तर ती नुसती चौकशी झाली.

केनियाचं उदाहरण घेतो कारण तिथे हा घोळ थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१० च्या संविधानात कलम १० मधे जनसहभाग हे राज्यकारभाराचं मूल्य म्हणून लिहिलंय, कलम ११८ सांगतं की संसदेने कायदे करताना लोकांना सामील करून घ्यायचं, आणि ४७ काउंटींच्या, म्हणजे तिथल्या प्रांतांच्या, विधानसभांनाही तोच नियम. म्हणजे विधेयक आलं की जाहिरात येते, लोक निवेदनं देतात, समिती सुनावणी घेते. कागदावर हेवा वाटावा असं सगळं.

मग २०२३ चा फायनान्स ॲक्ट, म्हणजे त्या वर्षीचा करांचा कायदा, आला. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट ८ वरून १६ टक्के, शिवाय पगारातून १.५ टक्के घरबांधणी लेव्ही. लोक बोलले, भरपूर बोलले, समितीने ऐकून घेतलं, आणि कायदा झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ३१ जुलै २०२४ ला अपील कोर्टाने अख्खा कायदाच रद्द केला. कारणं बघण्यासारखी आहेत: एक तर सुनावण्या उरकल्यावर संसदेने त्यात नवीन कलमं घुसवली जी लोकांपुढे कधी गेलीच नव्हती, आणि दुसरं म्हणजे लोकांच्या सूचना का घेतल्या किंवा का टाकल्या याची कारणं दिली नाहीत. हे दुसरं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दाद आणि जाब यांच्यामधली नेमकी रेघ तिथेच आहे. तुम्ही माझं ऐकलं, ठीक, पण नाही म्हणालात तर का ते सांगा.

तीन महिन्यांत, २९ ऑक्टोबरला, सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला आणि कायदा टिकला. प्रत्येक सूचनेवर संसदेने लेखी कारणं दिलीच पाहिजेत असं स्पष्ट बंधन कायद्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या नजरेने कदाचित बरोबरही असेल, मी वकील नाही. पण याचा सरळ अर्थ असा झाला की केनियात ऐकून घेणं सक्तीचं, उत्तर देणं ऐच्छिक.

आता रस्त्यावरचं बघा. २०२४ च्या फायनान्स बिलात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट होता, गाड्यांवर दरवर्षी किमतीच्या २.५ टक्के कर होता. तरुण पोरापोरींनी बिल सोपं करून सांगितलं, खासदारांचे फोन नंबर फिरवले आणि मेसेजचा पाऊस पाडला. ब्रेडचा आणि गाड्यांचा कर १८ जूनला मागे घेतला, बाकीचं बिल २५ जूनला १९५ विरुद्ध १०६ मतांनी पास झालं, त्याच दिवशी लोक संसदेत घुसले, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो म्हणाले की मी सही करणार नाही. याला आवाजाचा विजय म्हणतात. मी अर्धाच म्हणेन. बिल मागे गेलं हे खरं, पण गोळ्या कोणी घालायला लावल्या याचा जाब काही त्या माघारीत मिळाला नाही.

उलटं उदाहरणही आहे, युगांडाचं. १९९१ ते ९५ मधे सरकार शाळांना जे प्रति विद्यार्थी अनुदान पाठवायचं त्यातलं सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होतं, बाकीचं मधेच गडप. मग कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते पेपरात छापायला लागले, शाळेच्या दारावर आकडे लावायला लागले, आणि २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर पोचायला लागलं. सगळं श्रेय पेपरला देऊ नका, त्या काळात इतर सुधारणाही चालू होत्या. पण गंमत बघा, इथे कोणाच्या हातात माइक दिला नव्हता. नुसता आकडा दिला होता, आणि हातात आकडा असलेल्या हेडमास्तरला टोलवणं जड जातं.

दोन्ही एकत्र बघायचं तर परत केनियात, मोंबासा शहरात. तिथल्या मुहुरी या मानवाधिकार संघटनेने खासदारांच्या मतदारसंघ निधीचं सोशल ऑडिट केलं, आणि ही पद्धत ते शिकले आपल्या राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेकडून. कागद मिळवायचे, जागेवर जाऊन काम खरंच झालंय का ते बघायचं, मग भर सभेत अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचं. कागद मिळवणं हेच सगळ्यात अवघड, कारण तेव्हा केनियात माहिती अधिकाराचा कायदाच नव्हता, तो २०१६ मधे आला.

जाता जाता एक गोष्ट. स्वाहिलीत उत्तरदायित्वाला उवाजिबिकाजी म्हणतात, त्यातला वाजिब म्हणजे आपल्या वाजवी मधलाच, आणि उत्तराला जिबू म्हणतात, तो आपल्या जाबाचा चुलतभाऊ. दोन्ही अरबीतून आलेले, समुद्राच्या दोन काठांना उतरलेले.

आणि त्या मागे घेतलेल्या बिलाचं काय झालं? नोव्हेंबर २०२४ मधे त्यातल्या काही तरतुदी नवीन विधेयकांतून परत आल्या, रीतसर सूचना मागवल्या गेल्या, आणि डिसेंबरमधे रुटोंनी सही केली.