शब्दार्थ, रूपक आणि आध्यात्मिक अर्थ: बायबल वाचताना होणारी गल्लत

बायबलमधल्या योना या संदेष्ट्याला मोठ्या माशाने गिळलं आणि तीन दिवसांनी कोरड्या जमिनीवर ओकून टाकलं. ही गोष्ट शब्बाथ शाळेत ऐकलेलं पोर जरा मोठं झालं की हटकून विचारतं: हे शब्दशः घ्यायचं की आध्यात्मिक अर्थाने? प्रश्न सरळ दिसतो, पण त्यात तीन प्रश्नांचा गुंता आहे. लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं, ते खरोखर घडलं का, आणि ती घटना आणखी कशाकडे बोट दाखवते का. पहिला प्रश्न शब्दार्थाचा, शेवटचा आध्यात्मिक अर्थाचा. मधला इतिहासाचा आहे, आणि कडाक्याची भांडणं बहुतेक त्याच्यावरूनच होतात.

या दोन अर्थांमधली सीमारेषा सगळ्यांत नेटकी आखली ती तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने. शब्दांमधून जे कळतं तो शब्दार्थ. शब्दांनी सांगितलेली घटना किंवा वस्तू पुढे आणखी कशाची तरी खूण ठरते, तेव्हा तो आध्यात्मिक अर्थ. शब्द कुठलाही माणूस जुळवू शकतो. घडलेल्या गोष्टींनाच खुणा बनवणं मात्र देवाचं काम, असं त्याचं म्हणणं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. या हिशेबात रूपक शब्दार्थातच मोडतं. शास्त्रात परमेश्वराच्या बाहूचा उल्लेख येतो, तिथे शब्दार्थ आहे देवाचं सामर्थ्य. देवाला हाडामांसाचा हात आहे, असा त्याचा शब्दार्थ कधी नव्हताच. बापाने रक्त आटवून मुलांना शिकवलं असं आपण म्हणतो, तेव्हा कुणी कढई शोधत नाही आणि त्यात काही गूढ अर्थ आहे असंही कुणाला वाटत नाही. त्यामुळे ‘हे रूपक आहे, म्हणून आध्यात्मिक अर्थ घ्या’ हे प्रवचनात वारंवार ऐकू येणारं वाक्य मुळातच गोंधळलेलं आहे.

दाखल्यांचं, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांचंही तसंच. लूकच्या शुभवर्तमानात लुटारूंनी मारलेल्या वाटसरूला मदत करणारा चांगला शोमरोनी कुणी ऐतिहासिक माणूस होता, असा येशूचा दावा नाही. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते उत्तर हाच त्या गोष्टीचा शब्दार्थ. पहिल्या शतकांतले धर्मगुरू संत ऑगस्टीन यांनी तिच्यावर दुसरा थर चढवला: वाटेत मार खाल्लेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च) आणि तिचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. वाचायला बहारदार आहे. पण या जुळणीत मूळ प्रश्न विचारणारा शास्त्री बाजूलाच पडतो आणि ‘तूही जाऊन तसंच कर’ ही आज्ञा गुळगुळीत होते. आध्यात्मिक अर्थाचा धोका नेमका हा आहे. म्हणूनच अक्विनासने बजावलं होतं की सगळे अर्थ शब्दार्थावर उभे असतात आणि वादात पुरावा म्हणून फक्त शब्दार्थच चालतो.

आता योनाकडे पाहू. पुस्तक अवघ्या चार अध्यायांचं. निनवे ही शत्रूची राजधानी, म्हणून हा संदेष्टा देवाचा हुकूम मोडून याफोहून तार्शीशच्या जहाजात बसतो. पुढे निनवे पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो, तर हा रुसून बसतो. पुस्तक संपतं देवाच्या प्रश्नावर: उजव्याडाव्या हातातला भेद न कळणारी 1,20,000 हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं जिथे आहेत, त्या नगराची मी कीव करू नये का? शब्दार्थ हा: देवाची दया आपल्या वैऱ्यांपर्यंतही पोचते, आणि भक्तालाच ती खुपते. मासा खरा होता असं मानणाऱ्यालाही हाच शब्दार्थ स्वीकारावा लागतो आणि ही बोधकथा आहे म्हणणाऱ्यालाही. आध्यात्मिक अर्थ मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतः जोडतो: योना तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस पृथ्वीच्या पोटात राहील. रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी योना पुन्हापुन्हा रंगवला तो याच आशेपोटी.

हा वाद जुना आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या धर्मपंडिताने विचारलं होतं की उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सृष्टीच्या कथेत सूर्य-चंद्र नसतानाचे पहिले तीन दिवस आणि त्यांच्या संध्याकाळ-सकाळ कोणता शहाणा माणूस तशाच धरेल? त्याच्या मते असे अडखळवणारे दगड देवानेच मुद्दाम ठेवले, वाचकाने खोल उतरावं म्हणून. पुढे अंत्युखियाच्या परंपरेतल्या, शब्दार्थावर भर देणाऱ्या मोप्सुएस्तियाच्या थिओडोर या बिशपला हे पटलं नाही. अशाने घडलेला इतिहासच विरघळून जातो, असा त्याचा आक्षेप. गलतीकरांस पत्रात पौल हागार आणि सारा यांना, म्हणजे अब्राहामाच्या दासीला आणि पत्नीला, दोन करार म्हणतो, हा ओरिजेनवाल्यांचा हुकमी आधार. थिओडोरचं उत्तर होतं की पौल त्या दोघी घडून गेल्या हे पुसत नाही, त्यांच्यावरून पुढचं दाखवतो. मला इथे थिओडोर जास्त पटतो.

याच पौलाचं, अक्षर मारतं आणि आत्मा जिवंत करतो, हे वाक्य शब्दार्थाविरुद्ध सर्रास फेकलं जातं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ते जुन्या आणि नव्या कराराबद्दल आलं आहे. पुस्तक कसं वाचावं याचा नियम तो तिथे सांगत नव्हता.

मध्ययुगात आध्यात्मिक अर्थाचे तीन पोटभेद पडले. ठरलेलं उदाहरण यरुशलेमेचं: शब्दार्थाने ते यहुद्यांचं शहर, आणि पुढे मंडळी, माणसाचा आत्मा आणि स्वर्गीय नगरी.

‘शब्दशः’ म्हणजे काय, हेही काळानुसार सरकत गेलं. ऑगस्टीनने उत्पत्तीच्या शब्दार्थावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं, सहा दिवस हे आपल्या सूर्याचे दिवस नव्हेत. आज असं कुणी बोललं तर त्याच्यावर ‘हा शब्दशः मानत नाही’ असा शिक्का बसेल. ऑगस्टीनच्या लेखी मात्र तो शब्दार्थच होता. बायबल पूर्णपणे अचूक मानणाऱ्या इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट) विद्वानांनी 1982 मध्ये शिकागोत केलेल्या निवेदनातही स्पष्ट आहे की शब्दार्थ लावताना अलंकार आणि साहित्यप्रकार लक्षात घ्यायचे असतात.

आणि मग प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतला भाकरी-द्राक्षारसाचा विधी. कॅथलिक परंपरा आध्यात्मिक अर्थांची, प्रॉटेस्टंट परंपरा सरळ शब्दाची, अशी ढोबळ वाटणी ऐकू येते. भाकरीबद्दल येशूने म्हटलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यापाशी ती कोलमडते. कॅथलिक मंडळी ते वाक्य अक्षरशः घेते. ऑक्टोबर 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तेच वाक्य खडूने टेबलावर लिहून ठेवलं आणि ‘आहे’वरून हटायला नकार दिला. समोर झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली. त्याच्या मते इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’, आणि ‘मी दार आहे’सारख्या येशूच्याच वाक्यांप्रमाणे हाही साधा अलंकार होता. म्हणजे दोघंही शब्दार्थावरच भांडत होते. तिथे मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही फक्त एवढीच गाठ उरली, आणि तिच्यापायी ल्यूथरन आणि (झ्विंग्लीच्या बाजूच्या) रिफॉर्म्ड मंडळ्या शतकानुशतकं वेगवेगळ्या मेजांवर बसल्या.