गेलेलं आणि परत आलेलं नाव

गर्भाशयाचा कर्करोग म्हटलं की बहुतेकदा अस्तरातल्या ग्रंथींचा कर्करोग डोळ्यांसमोर येतो. त्या ग्रंथींना आधार देणाऱ्या पेशींपासून होणारा स्ट्रोमल सार्कोमा फार विरळा. त्याच्या सौम्य प्रकाराचं जुनं नाव होतं ‘एंडोलिम्फॅटिक स्ट्रोमल मायोसिस’. नावात कर्करोगाचा उच्चारही नाही. स्लाइडवरच्या पेशी दिसतातच इतक्या गरीब! छोट्या, एकसारख्या, पाळीच्या पूर्वार्धातल्या निरोगी अस्तरासारख्या. संशय येतो तो जागेमुळे, कारण त्या स्नायूच्या भिंतीत जिभेसारख्या घुसलेल्या आणि लसिकावाहिन्यांत शिरलेल्या असतात.

१९६६ मध्ये नॉरिस आणि टेलर यांनी मोजणीचा नियम दिला. सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत विभाजन होणाऱ्या पेशी दहापेक्षा कमी असतील तर लो-ग्रेड (सौम्य), नाहीतर हाय-ग्रेड (आक्रमक). नियम सोपा, पण क्षेत्राचा आकार सूक्ष्मदर्शकागणिक बदलतो, आणि पुढे आजाराची वाटचालही या आकड्याला जुमानेना. २००३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ‘हाय-ग्रेड’ हे नाव काढूनच टाकलं गेलं.

तोवर जनुकांची बाजू उलगडू लागली होती. या गाठींच्या पेशींत गुणसूत्र ७ आणि १७ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन जॅझ-एफ-१ आणि सूझ-१२ ही जनुकं एकमेकांना जोडली जातात, हे २००१ मध्ये कळलं. २०१२ मध्ये गुणसूत्र १० आणि १७ मधली वेगळी जोडणी सापडली. ती असलेल्या गाठी जास्त आक्रमक होत्या, म्हणून २०१४ च्या वर्गीकरणात ‘हाय-ग्रेड’ परत आलं. नाव जुनंच, आधार मात्र नवा.

मधे २००८ मध्ये एक गंमत झाली. निरोगी स्ट्रोमल पेशीसुद्धा गुणसूत्र न तोडता जॅझ-एफ-१ आणि सूझ-१२ चा जोड-आरएनए (दोन्ही जनुकांचा जोडलेला संदेश वाहणारा रेणू) बनवतात, असं दिसलं. म्हणजे गाठ जे कायमचं करून बसते, त्याची नक्कल शरीर एरवीही करतं.

तेव्हा चाचणीत जोडणी सापडली म्हणजे निदान झालं, असं नाही. काठ गुळगुळीत असलेल्या, निरुपद्रवी स्ट्रोमल गाठीतही हीच जोडणी आढळते. ही गाठ आणि सार्कोमा यांत फरक करायचा तर गाठीचा काठ पाहावा लागतो. क्युरेटिंगमध्ये, म्हणजे अस्तर खरवडताना, निघालेल्या चार तुकड्यांत तो सहसा नसतोच. त्यामुळे पक्कं उत्तर बऱ्याचदा गर्भाशय काढून पूर्ण काठ तपासल्यावरच मिळतं.