असममित समतोल

असममित समतोल : मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकार न मांडता, वेगवेगळे आकार, रंग आणि रिकाम्या जागा यांच्या परस्परांवरील ताणातून चित्रात किंवा मुद्रित पृष्ठावर साधलेला तोल. ठिपक्यांच्या रांगोळीत किंवा जुन्या वळणाच्या लग्नपत्रिकेत डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब असते आणि तोल आपोआप सांभाळला जातो. असममित रचनेत तो प्रत्येक वेळी नव्याने जुळवावा लागतो. अमूर्त रचनेत माणूस, झाड, घर असे ओळखीचे काहीच नसल्याने हे जुळवणे तेथे सर्वांत उघडे पडते.

डोळ्याला जाणवणाऱ्या वजनाला दृश्यभार म्हणतात. रूडॉल्फ आर्नहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची तपशीलवार चर्चा केली आहे. मोठा आकार लहानापेक्षा जड वाटतो आणि तांबडा रंग निळ्यापेक्षा. पण एकटा पडलेला लहान आकारही गर्दीतल्या मोठ्या आकाराला भारी पडू शकतो, आणि तोच आकार कागदाच्या खालच्या भागातून वरच्या भागात नेला तर अधिक जड भासतो. अंतराचा हिशेब पहारीसारखा असतो : टेकूपासून दूर धरलेल्या हाताला थोडा जोर पुरतो, तसा मध्यापासून दूर, कडेला ठेवलेला छोटा ठिपका मध्याजवळच्या मोठ्या आकाराला तोलून धरतो. मात्र पहारीचे गणित मांडता येते, याचे येत नाही. पाठ्यपुस्तकांतून तराजूची आकृती काढून दिलेली स्पष्टीकरणे म्हणूनच अर्धीच खरी असतात.

डच चित्रकार पीट मोन्द्रियान याचे झुरिकच्या कुन्स्टहाउस संग्रहालयातील १९३० सालचे तांबडा, निळा व पिवळा या रंगांतील चित्र हे या तत्त्वाचे नेहमी दिले जाणारे आणि खरोखरच चपखल उदाहरण आहे. जेमतेम हातभर लांबी-रुंदीच्या या चौरसात वरचा उजवा भाग एकट्या तांबड्या रंगाने व्यापला आहे. खाली डाव्या कोपऱ्यात निळा चौकोन आणि उजव्या कोपऱ्यात अगदी कडेला पिवळ्याचा लहानसा तुकडा आहे. बाकी सारे पांढरे, आणि त्याला छेदणाऱ्या काळ्या रेषा, ज्यांची जाडी सर्वत्र एकसारखी नाही. चित्राच्या छापील प्रतीवर अंगठ्याने निळा चौकोन झाकून पाहिला, की तांबडा एकदम वर-उजवीकडे ओढ घेतो आणि सगळे चित्र कलते. पांढरे भागही येथे उरलेली जागा म्हणून येत नाहीत. तांबड्याला आवरून धरण्यात त्यांचाही वाटा आहे.

मोन्द्रियानचा तोल आडव्या-उभ्या रेषांवर उभा आहे. रशियात काझिमीर मालेविच याने त्याआधीच, १९१५ मध्ये, आकार तिरपे करून पाहिले होते : न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील त्याच्या एका चित्रात वर काळा मोठा चौरस स्थिर आहे, तर खालचा लहान तांबडा चौरस कलता ठेवलेला आहे, आणि केवळ त्या तिरपेपणामुळे तो काळ्याच्या तोडीस उतरतो. एल लिसित्स्की या रशियन कलावंताने १९१९-२० च्या सुमारास हीच भाषा रशियातील यादवी युद्धाच्या प्रचारासाठी वापरली. त्याच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकात डावीकडून आलेली तांबडी पाचर काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या वर्तुळात घुसते. वर्तुळाचा पसारा मोठा असूनही टोकाची दिशा आणि रंग यांमुळे पाचरीचे पारडे जड होते. तोल येथे मुद्दाम ढळू दिला आहे, कारण ‘तांबड्या’ क्रांतिपक्षाची ‘पांढऱ्या’ विरोधकांवर सरशी हेच सांगायचे आहे.

मुद्रणकलेत हा विचार यान चिकोल्ड याने पद्धतशीरपणे मांडला. १९२३ मधील बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे वायमार येथील प्रदर्शन पाहून प्रभावित झालेल्या या तरुण जर्मन मुद्रणरचनाकाराने १९२८ च्या आपल्या पुस्तकात मधोमध जुळवलेल्या शीर्षकांची प्रथा निकालात काढली. मजकुराच्या अर्थानुसार ओळी डावी-उजवीकडे सरकाव्यात, आणि कोरी जागा हा रचनेचाच घटक मानावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे त्याचे मत पालटले आणि १९४७ ते १९४९ या काळात पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांना वळण लावताना त्याने पुन्हा सममित मांडणीचाही मुक्तपणे वापर केला.

देवनागरीत काम करणाऱ्याला यात एक वेगळी अडचण येते. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. शिवाय वेलांट्या व मात्रा तिच्यावर आणि उकार खाली जातात. त्यामुळे ठळक टायपातला मोठा मराठी शब्द हा आधीच वरून जड असलेला आकार असतो, आणि शिरोरेषा ही रचनेतली एक आयती आडवी पट्टी ठरते. रोमनसाठी आखलेल्या मांडणीत नुसती अक्षरे बदलली, तर शब्दाखालची कोरी जागा फुकट गेल्यासारखी दिसते. तोच शब्द थोडा खाली ओढला, किंवा दुसरा एखादा आकार शिरोरेषेच्या सरळ रेषेत आणून टेकवला, की मांडणी जागेवर बसते.