निसर्गचित्रातला वगळलेला खांब

बेळगावात लँडस्केप शिकायचं म्हणजे रविवारी पहाटे सायकलला बोर्ड बांधून बाहेर पडायचं. आमच्या सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "विजेचा खांब सोडा, तारा सोडा." आज तरुण पोरं नेमका तो खांबच रंगवतात. ते एकाएकी घडलेलं नाही.

युरोपात ही वाट फार जुनी. चित्रकार लूथरबर्गने १८०१ मध्ये इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या भट्ट्यांचा रात्रीचा जाळ रंगवला. टर्नरने १८४४ मध्ये पावसातून धावणारी आगगाडी रंगवली. इंजिनापुढे एक ससा जिवाच्या आकांताने पळतोय, आता तो इतका पुसट झालाय की शोधावा लागतो. आपल्याकडे विलायती पद्धतीचं निसर्गचित्रण रुजलं ते १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या वळणाने. हात आला, ससा नाही आला: कसब घेतलं, यंत्राकडे बघणारी नजर नाही घेतली. जे. जे.त शिकलेले आबालाल रहमान कोल्हापुरात तळ्याकाठच्या उजेडात रमले. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या 'चित्रमंदिर' या कलाशाळेने पिढ्या घडवल्या. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस त्यांचेच विद्यार्थी. त्या हातांबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण आम्हा मागून आलेल्यांचा विषय ठरलेला: घाट, देऊळ, कौलारू घर.

खरं तर इथला निसर्ग नुसता निसर्ग कधी उरला होता? गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच, पण त्याच्या अंगाला सूतगिरणी १८८० च्या दशकापासून आहे. आम्ही बोर्ड असा धरायचो की गिरणी कागदाबाहेर जाई. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथंच कळसा नाल्याचं पाणी वळवायला कालवा खोदला गेला. खानापूरचा रस्ता रुंद झाला, झाडं गेली. उघडी पडलेली तांबडी माती रंगवताना बर्न्ट सिएनाची ट्यूब पुरत नाही.

सगळ्यात जास्त बोर्ड लागतात ते हिडकलला. घटप्रभेवरच्या या धरणात जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. भोवती भेगाळलेला गाळ, आणि दगडावर पाणी कुठवर होतं त्याची फिकट रेघ. ती रेघ कोरड्या ब्रशनेच काढावी लागते. ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या ओल्या थरावर, काढली तर फुटते, आणि देऊळ नुसतं देऊळ दिसतं.