स्ट्राँग की माइल्ड? बेळगावातल्या नाताळच्या बिअरची पार्श्वभूमी

डिसेंबरात बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, रात्री स्वेटरवर शाल ओढावी लागते. तरी बारमध्ये बसलात की वेटरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘स्ट्राँग की माइल्ड?’ काहीही सांगा, बाटली येते ती बर्फगारच. नाताळाच्या सुट्टीत दाट, तपकिरी, दालचिनी-जायफळाच्या वासाची हिवाळी बिअर मागणारी मंडळी इथं आत्ता कुठं दिसू लागलीत. बहुतेक पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणारी, सणाला घरी आलेली पोरं.

युरोपात हा प्रकार जुना. बव्हेरियात 1553 च्या फर्मानानं 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. म्हणजे हंगाम हुकुमानं पक्का झाला. बेळगावातही कुणी काय प्यायचं ते हुकुमानंच ठरत आलंय.

स्वातंत्र्यानंतर आपण मुंबई राज्यात होतो. 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि गाव कोरडं पडलं. कॅम्प मात्र नाही. लष्कराच्या मेस आणि कॅन्टीनना सूट होती. मुंबईच्या एका नागरिकानं या कायद्यालाच कोर्टात आव्हान दिलं. सैनिकाला एक न्याय आणि नागरिकाला दुसरा, हे समानतेच्या हक्कात बसत नाही, असं उच्च न्यायालयाला वाटलं. सर्वोच्च न्यायालयानं 1951 मध्ये ते फिरवलं : सैन्याच्या परंपरा आणि राहणीच वेगळी, म्हणून सूट योग्य. कायद्याच्या पुस्तकात हा निकाल आजही शिकवतात, पण त्यातल्या औषधी मद्यार्काच्या मुद्द्यावरच जास्त बोललं जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, तिथं त्याचा अर्थ फार साधा होता. रस्त्याच्या अलीकडं नाताळ कोरडा, पलीकडं ओला. मला हा निकाल पटत नाही. वेगळी राहणी काय फक्त सैन्याचीच असते? पण तो मुद्दा इथं राहू दे.

1956 मध्ये बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात (म्हणजे आजच्या महाराष्ट्रात) राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरकडं गेला. तिकडं 1961 अखेरपर्यंत गोवा पोर्तुगीजांचा, तिथं दारूबंदी नाहीच. 1965 मध्ये म्हैसूरचा अबकारी, म्हणजे मद्यावरच्या कर-परवान्यांचा, कायदा झाला, तोच आजच्या कर्नाटकाचा. पुढं छोट्या ब्रुअऱ्या आल्या, 2009 मध्ये पुण्यात आणि त्यानंतर बेंगळुरूत. जागेवर बनवायची, टाकीतून थेट ग्लासात ओतायची. मसाल्याची, संत्र्याच्या सालीची, कॉफीची नाताळ-बिअर आपल्याकडच्या लोकांनी चाखली ती अशाच ठिकाणी. हंगामी पेय म्हणजे काय, हे मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही. मार्च-एप्रिलात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हंगामी दारू, कशी वाट पाहायला लावते, ते खानापूर-चंदगडच्या माणसाला विचारा.

घोटाळा होतो तो ‘स्ट्राँग’ या शब्दापाशी. आपल्या बाटलीवरचा स्ट्राँग म्हणजे निव्वळ मद्याचं प्रमाण. 2019 पासून लागू झालेल्या मानकांत 5 टक्क्यांच्या वर ते 8 टक्क्यांपर्यंतच्या बिअरला स्ट्राँग म्हटलंय. हिवाळी बिअरही बहुधा याच पट्ट्यात बसते, पण तिचा जोर येतो जास्तीच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून. म्हणून ती जिभेवर जड लागते, गुळाच्या काकवीसारखी. स्वस्त स्ट्राँगमध्ये तांदूळ किंवा साखर आंबवून टक्का चढवता येतो; चव पातळच राहते आणि ती लपवायला बर्फगार करावी लागते. हिवाळी बिअर अशी गार केली तर तिचा वासच मरतो. 10 ते 13 अंश तिला पुरे. बेळगावच्या डिसेंबरात बाटली रात्री खिडकीत ठेवली तरी भागतं.

8 टक्क्यांच्या त्या मर्यादेमुळं युरोपातल्या काही नामांकित नाताळ-बिअर इथं बिअर म्हणून बसतच नाहीत. एक तर 14 टक्क्यांची आहे, 6 डिसेंबरलाच बनवतात. गोव्यातून काही आणावं, तर लेबलावर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं, आणि सणाच्या दिवसांत गोव्याहून येणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर गाडीची डिकी उघडायला लावतात. इथंच घेऊन चंदगडच्या पाहुण्यांकडं न्यावी, तर तिथं 1949 चाच कायदा आहे, नाव तेवढं बदललंय. पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना, 5 रुपये.