एरी कालव्याच्या वाटेचा पट्टा गावांनी मिळून सांभाळायचा, तर: पात्रता, ठराव आणि कागदपत्रं

न्यूयॉर्क राज्यात बफेलोपासून अल्बनीपर्यंत जाणारी एरी कॅनॉलवे ट्रेल सुमारे ३६० मैल लांब आहे. तिचं नाव एक, पण मालक अनेक. १८२५ मध्ये कालवा खुला झाला तेव्हा काठाने खेचरं बोटी ओढत चालायची. त्या वाटेच्या बऱ्याच भागावरून आज सायकली धावतात. मोठा हिस्सा न्यूयॉर्क स्टेट कॅनॉल कॉर्पोरेशनच्या जमिनीवर आहे. हे महामंडळ २०१७ पासून न्यूयॉर्क पॉवर अथॉरिटीच्या अखत्यारीत आलं. डेविट ते रोम हा ३६ मैलांचा जुना पट्टा राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे, तर मधले काही तुकडे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), टाउन आणि व्हिलेजकडे. प्रकरण पैशावर अडतं असं सगळ्यांना वाटतं. खरं घोडं अडतं ते ‘जमीन कुणाची आणि वाटेखालून पाणी नेणारी मोरी खचली तर बदलायची कुणी’ या प्रश्नावर. त्यामुळे अनुदानाचा अर्ज नंतर, करार आधी.

कोण पात्र

आपल्या कानाला ‘टाउन’ म्हणजे शहर. इथे टाउन हा काउंटीचा पोटविभाग असतो आणि व्हिलेज त्या टाउनच्या पोटात. म्हणजे एकाच मैलावर दोघांचा अधिकार चालू शकतो. काउंटी, सिटी, टाउन, व्हिलेज यांना एकमेकांसाठी किंवा मिळून काम करण्याचा करार करता येतो. त्याचा आधार जनरल म्युनिसिपल लॉ, अनुच्छेद ५-जी, कलम ११९-ओ. सायकल क्लब, शाळेचा गट किंवा आपलं एखादं मराठी मंडळ या कराराचा पक्षकार होऊ शकत नाही. त्यांनी अ‍ॅडॉप्ट-अ-ट्रेल योजनेत एखादा तुकडा दत्तक घ्यावा, किंवा एप्रिलमधल्या कॅनॉल क्लीन स्वीप या स्वच्छता मोहिमेत नाव नोंदवावं.

आधी हद्द, मग ठराव

इथे सातबारा नाही. खरेदीखतं काउंटी क्लर्कच्या कचेरीत मिळतात, पण कालव्याच्या जमिनीसाठी तेवढ्यावर भागत नाही. जुन्या नकाशांवर सरकारी हद्द निळ्या रेषेने दाखवलेली असते आणि बोलतानाही तिला ‘ब्लू लाइन’च म्हणतात. ही रेषा आजच्या कुंपणाशी जुळेलच असं नाही. पट्ट्याचा प्रत्येक तुकडा कुणाच्या नावावर आहे याचा तक्ता करा आणि कॅनॉल कॉर्पोरेशनच्या जमीन विभागाकडून तपासून घ्या.

करार मान्य असल्याचा ठराव प्रत्येक गावाच्या बोर्डाने, म्हणजे कारभारी मंडळाने, स्वतंत्रपणे मंजूर करायचा. मेख इथे आहे. कायदा बोर्डाच्या एकूण मतांचं बहुमत मागतो, हजर सदस्यांचं नाही. पाच जणांच्या बोर्डात तिघेच बैठकीला आले, तर तिघांनीही ‘हो’ म्हणायला हवं. २ विरुद्ध १ ने ठराव पडतो. ठरावाच्या प्रतीवर क्लर्कची सही-शिक्का हवा आणि मतदान नावनिशी लिहिलेलं हवं.

करारात ‘सहकार्य करतील’ अशी गोड वाक्यं काही कामाची नाहीत. गवत कोण कापणार, वाटेच्या कडेपासून किती फुटांपर्यंत आणि हंगामात किती वेळा. वादळात पडलेलं झाड किती तासांत हटवणार. बर्फ काढायचा की हिवाळ्यात वाट तशीच सोडायची. पाट्या कुणाच्या मालकीच्या. मोरी आणि छोटे पूल कुणाचे, हे सगळं लिहा. खर्च मैलांवर वाटायचा की लोकसंख्येवर, तेही आकड्यात. लांब पण विरळ वस्तीचं टाउन मैलांच्या हिशोबात भरडलं जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण बरं. बाहेर पडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे कलम विसरू नका.

परवाना आणि विमा

महामंडळाच्या जमिनीवरच्या कामाला त्यांचा परवाना लागतो. एका पाटीच्या खड्ड्यालासुद्धा? हो. कालवा अनेक ठिकाणी मातीच्या भरावावर, आजूबाजूच्या घरांपेक्षा उंचावरून वाहतो. १९७४ मध्ये रॉचेस्टरजवळ बुशनेल्स बेसिन इथे कालव्याखालून सांडपाण्याचा बोगदा खणताना बांध फुटला आणि खालच्या घरांची नासधूस झाली. म्हणून अर्जात खड्ड्याची जागा, व्यास आणि खोली द्यावी. भरावावर कुणाच्या स्मरणार्थ झाड लावण्याची कल्पना तर सोडूनच द्या. मुळं कुजली की मातीत पाण्याला वाट मिळते.

विम्याच्या प्रमाणपत्रात महामंडळाचं नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून हवं. नेमके शब्द परवान्याच्या अटींतून जसेच्या तसे उचला. कंत्राटदाराच्या कामगार भरपाईसाठी सी-१०५.२ सारखा राज्याचा ठराविक नमुना लागतो. विमा एजंट नेहमी देतात ते ‘अकॉर्ड’ नमुन्याचं प्रमाणपत्र तिथे पुरावा धरत नाहीत, आणि फाइल परत येण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे.

वारसा आणि पर्यावरण

नुसती देखभाल असेल तर सीक्रा या राज्याच्या पर्यावरण-आढाव्याच्या कायद्यात ती सहसा ‘टाइप २’ मध्ये बसते आणि आढावा लागत नाही. वाट रुंद करायची, नवा पूल टाकायचा, तर वर्गवारी आधी ठरवा. एकापेक्षा जास्त सरकारी संस्था असतील तर आढावा चालवणारी मुख्य संस्था कोण यावर सहमतीसाठी ३० दिवस धरा. राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाकडे प्रकरण ‘क्रिस’ या संगणकीय प्रणालीतून जातं. सोबत नकाशा, कामाचं वर्णन, जमीन किती खोल उकरणार तो आकडा आणि फोटो. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि तो कुठून, कोणत्या दिशेला काढला तो बाण नकाशावर दाखवा. ‘जुनी भिंत, छान अवस्थेत’ अशा ओळीने कुणाचंच समाधान होत नाही. दगडी बांधकामाचे सांधे दिसतील इतक्या जवळून एक फोटो हवाच.

अनुदान मागायचं असेल तर

वाहतूक पर्याय कार्यक्रम, म्हणजे टॅप, आणि रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम या दोन केंद्रीय योजनांत साधारण ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, उरलेला वाटा गावाचा. दुसऱ्या योजनेत स्वयंसेवकांचे श्रमही वाट्यात धरता येतात, पण तारीख, तास आणि सही असलेली हजेरी ठेवली तरच. सॅम या केंद्रीय संकेतस्थळावर नोंदणी करून १२ अक्षरी-अंकी ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो, नोंदणीचं नूतनीकरण मात्र दरवर्षी. नकाशात दोन्ही दिशांच्या वाटेची रुंदी १० फूट धरा, आडवा उतार २ टक्क्यांच्या आत.

आणि हे पैसे आगाऊ येत नाहीत. काम आधी, बिल आधी, प्रतिपूर्ती नंतर. छोट्या व्हिलेजने ती रक्कम मधले महिने कुठल्या खात्यातून फिरवायची, हे ठरावातच लिहून घ्यावं.