कॅन्सर संशोधनासाठी फेलोशिप: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

एमएस्सी झालेली मुलं इंटरनेटवर 'कॅन्सर स्कॉलरशिप' असं शोधतात आणि समोर येतात त्या बहुतेक रुग्णांना मदत करणाऱ्या योजना. नावातच कॅन्सर असलेली संशोधन फेलोशिप आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांचा पैसा तीन वाटांनी येतो: राष्ट्रीय परीक्षेतून, आपल्या प्रवर्गासाठी असलेल्या संस्थेकडून किंवा गाइडला मंजूर झालेल्या प्रोजेक्टमधून. या तिन्हींत विषय कॅन्सरचा घ्यायचा की आणखी कशाचा, हे तुम्ही आणि गाइड ठरवता. त्यामुळे नावात कॅन्सर शोधत बसण्यापेक्षा आपण कुठल्या वाटेला पात्र आहोत ते आधी पाहावं आणि कागद त्या क्रमाने गोळा करावेत. चांगले विद्यार्थी मागे पडतात ते बहुतेक कागदांचा क्रम चुकल्यामुळे.

परीक्षेची वाट

लाइफ सायन्सेस आणि केमिकल सायन्सेसवाल्यांसाठी मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, म्हणजे केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा होते, नॅशनल टेस्टिंग एजन्सी (एनटीए) घेते. पदव्युत्तर पदवीला खुल्या गटात ५५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रीमीलेयर आणि दिव्यांगांसाठी ५० टक्के गुण लागतात. शेवटच्या वर्षाचा निकाल यायचा असला तरी फॉर्म भरता येतो. जेआरएफसाठी, म्हणजे या परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपसाठी, वयाची अट ३० वर्षं. राखीव गट आणि महिलांना पाच वर्षांची सूट आहे. बीफार्म आणि एमबीबीएस झालेल्यांनाही ही परीक्षा देता येते, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास. अ भागातले २० पैकी १५ प्रश्न, ब भागातले ५० पैकी ३५ आणि क भागातले ७५ पैकी २५ सोडवायचे. क भागात एकेका प्रश्नाला चार गुण आहेत, म्हणजे अर्धा पेपर तिथेच. अभ्यासक्रमाच्या चौथ्या युनिटमध्ये कॅन्सर थेट आहे: ऑन्कोजीन, ट्यूमर सप्रेसर जीन, पेशीचक्र, विषाणूंमुळे होणारा कॅन्सर, मेटास्टॅसिस, अपॉप्टोसिस. पुढे याच विषयात काम करायचं असेल तर हे युनिट पाठ करून भागणार नाही, नीट समजून घ्या. मुलाखतीत पुन्हा तेच विचारतात.

जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. त्यानंतर समितीसमोर कामाचा आढावा होऊन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप), म्हणजे ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. सगळी मिळून मुदत पाच वर्षांची. वर घरभाडं भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे; एक्स, वाय, झेड या वर्गांपैकी सोलापूर वाय वर्गात येतं. सीएसआयआरकडून वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चाला मिळतात. रक्कम बरी वाटते, पण कॅन्सरच्या प्रयोगाला लागणारी एक अँटीबॉडी मागवली की यातला मोठा भाग जातो. रसायनांचा खर्च गाइडच्या ग्रांटमधून होणार आहे का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

बायोटेक्नॉलॉजीवाल्यांनी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी (बायोटेक्नॉलॉजी एलिजिबिलिटी टेस्ट) परीक्षाही द्यावी. यात दोन कॅटेगरी असतात. पहिलीत फेलोशिप तुमची, ती घेऊन कुठल्याही मान्य संस्थेत जाता येतं. दुसरीत नाव आलं तर विभागाने पैसे दिलेल्या प्रोजेक्टवर नेमणुकीसाठी तुम्ही पात्र ठरता, पण स्वतंत्र फेलोशिप नसते. निकालाच्या दिवशी पेढे वाटताना हा फरक पाहायचा राहून जातो.

एमएस्सीला विद्यापीठात पहिला क्रमांक असेल तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप सोडू नका. तिला मुख्य कागद लागतो तो परीक्षा विभागाकडून मिळणारं रँक सर्टिफिकेट. ते आपोआप हातात येत नाही, अर्ज करून घ्यावं लागतं.

प्रवर्गाची वाट

नेट निघाली नाही म्हणून दारं बंद झाली असं नाही. राज्य सरकारच्या संस्था पीएचडीसाठी याच धर्तीवर फेलोशिप देतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी यांच्यासाठी सारथी, ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. सोलापुरात पद्मशाली समाजाची मुलं बरीच आहेत, ती विशेष मागास प्रवर्गातून महाज्योतीकडे जातात. धनगर समाजाची मुलं भटक्या जमातींतून तिथेच. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागांची.

या संस्थांच्या जागा, निवडीची परीक्षा आणि वेळापत्रक यांवरून गेल्या काही वर्षांत बरेच वाद झाले, आंदोलनं झाली. म्हणून मागच्या वर्षी मित्राला काय लागलं यावर विसंबू नका, त्या त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा. एक अट मात्र कायम दिसते: पीएचडीची नोंदणी नियमित आणि पूर्णवेळ हवी. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांना इथे वाव नाही. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दुसरी लागली तर पहिली सोडल्याचं पत्र द्यावं लागतं, नाहीतर पुढे वसुली निघते.

कागदांमध्ये लोक कुठे अडकतात

सगळ्यात मोठा घोळ नॉन-क्रीमीलेयरचा. राज्याच्या नमुन्यातला दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. महाज्योतीला राज्याचा चालतो. सीएसआयआर किंवा इतर केंद्रीय परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा लागतो. बारावीनंतर प्रवेशासाठी काढलेला जुना दाखला जोडला की कागद तपासताना नाव खुल्या गटात जातं आणि कटऑफ हुकतो. शिवाय आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही पाहावं. कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, मराठा नाही. मराठा विद्यार्थ्याला राज्यात एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला चालत असला तरी केंद्राच्या परीक्षेत तो खुल्या गटातच धरला जातो. उत्पन्न आणि मालमत्तेच्या निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढायचा. तोही दर आर्थिक वर्षी नवा.

नॉन-क्रीमीलेयरची आठ लाखांची मर्यादा बघून पुष्कळ पालक स्वतःच माघार घेतात. केंद्राच्या निकषात ही मर्यादा मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पगारदारांसाठी पदाची वेगळी कसोटी आहे. माढ्याकडे ऊस आणि घरात एक पगार, असं असेल तर सेतूतल्या माणसाच्या तोंडी गणितावर न जाता निकष स्वतः वाचावेत.

जातीचा दाखला असून भागत नाही, जात पडताळणी प्रमाणपत्र ज्याला आपण व्हॅलिडिटी म्हणतो ते बहुतेक ठिकाणी मागतात. बारावी सायन्सला असतानाच ते काढलं असेल तर उत्तम. नसेल तर आधी त्याच्याच मागे लागा, कारण वंशावळ आणि जुने शाळेचे दाखले जमवताना गावच्या शाळेत खेपा होतात. अधिवासाचं प्रमाणपत्र आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतो. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तरीही कुणी स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर नियम विचारा.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि लग्न झालेल्या मुलींचं चौथं. फेलोशिपचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, तिथे नाव जुळलं नाही की रक्कम परत जाते. फॉर्म भरण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडून इंग्रजी स्पेलिंगचं एकेक अक्षर ताडून बघा. बदल असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घेणं हा खात्रीचा मार्ग.

सोलापूर विद्यापीठात पीएचडी नोंदणी

फेलोशिप हातात असो वा नसो, पैसा सुरू होतो तो नोंदणीनंतर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं, एका जिल्ह्यापुरतं. त्यामुळे कॅन्सरशी जोडलेल्या विषयातले मान्यताप्राप्त गाइडही मोजकेच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. केगावला विद्यापीठात जाऊन फॉर्म भरण्याआधी गाइडकडे जागा आहे का ते विचारा. यादीत नाव असणं आणि जागा रिकामी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जेआरएफधारकाला लेखी प्रवेश परीक्षा नसते, मुलाखत असते. २०२४ पासून नेटमध्ये 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असाही गट आहे. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. मुलाखतीनंतर संशोधन व मान्यता समिती, म्हणजे आरआरसी, विषयाचा आराखडा बघते. तिच्या मान्यतेनंतर मिळणारं नोंदणीचं पत्र हा पुढच्या प्रत्येक अर्जाचा पाया. त्यावर तारीख, विषय, गाइडचं नाव आणि 'पूर्णवेळ' हा शब्द स्पष्ट आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचा. दुरुस्ती नंतर करून घ्यायची म्हणजे महिना गेला.

आराखड्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. एखाद्या वनस्पतीचा अर्क काढायचा, एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा, पेशी किती जगल्या ते दाखवणारी एमटीटी चाचणी करायची आणि कॅन्सरविरोधी गुणधर्म सापडले म्हणायचं, अशा प्रस्तावांचा समित्यांपुढे ढीग असतो. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) मिळतात, काम जमतं, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो की निरोगी पेशींवर काय परिणाम झाला, आणि तिथे उमेदवार गप्प होतो.

त्यापेक्षा आपल्या जिल्ह्याकडे बघा. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, भारतातली पहिली ग्रामीण. याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) यांच्यासह शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. विडी वळणाऱ्या महिला, गावोगावची मिश्री, गुटखा, उशिरा दवाखाना गाठणं: हे विषय मुंबईच्या प्रयोगशाळेला इथे येऊन शोधावे लागतात. रुग्णांची माहिती किंवा नमुने घ्यायचे तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता आणि रुग्णालयाचं संमतीपत्र लागतं. प्राणी वापरणार असाल तर त्याची समिती वेगळी. दोन्ही अर्ज कोर्सवर्क चालू असतानाच टाकावेत.

प्रयोगशाळेत खोलवरचं काम करायचं असेल तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. टाटा मेमोरियल सेंटरचंच ते कॅन्सर संशोधन केंद्र, पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. जेआरएफ असेल तर तिथे अर्ज करताना हात आखडता घेऊ नका.

एमबीबीएस, बीएस्सी आणि प्राध्यापकांसाठी

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. एमबीबीएस आणि बीडीएसचे विद्यार्थी पात्र, इंटर्न नाहीत. दोन महिन्यांचं काम, ५०,००० रुपये, तेही अहवाल मान्य झाल्यावर. एका गाइडकडे एकच विद्यार्थी, म्हणून आवडते सर किंवा मॅडम लवकर गाठा. आणि प्रस्ताव स्वतः लिहा, सिनियरचा जुना प्रस्ताव तारीख बदलून पाठवू नका.

बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांनी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज करावा. नावाजलेल्या प्रयोगशाळेत दोन महिने काढता येतात. घरात आई विडी कामगार असेल तर केंद्रीय श्रम मंत्रालयाची पाल्य शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला २५,००० पर्यंत. आईचं विडी कामगार ओळखपत्र हा तिचा मुख्य कागद.

नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. आयसीएमआरचं छोटं एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीचं) अनुदान दोन कोटींपर्यंत जातं. कॉलेजातल्या एकट्या शिक्षकाचा प्रस्ताव कच्चा पडतो. रुग्णालयातला एक डॉक्टर सहसंशोधक म्हणून घेतला तर नमुन्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

मंजुरीनंतर

यूजीसीच्या पद्धतीत दर महिन्याला तुम्ही काम करत असल्याची नोंद विद्यापीठातला 'मेकर' पोर्टलवर टाकतो आणि 'चेकर' ती मान्य करतो. यातलं कुणी रजेवर गेलं की त्या महिन्याचा पैसा लटकतो. महिन्याच्या शेवटी विभागात जाऊन नोंद झाली का ते पाहा. राज्याच्या संस्थांकडून तर रक्कम अनेकदा काही महिन्यांची थकून एकदम येते, म्हणून खोलीभाडं आणि मेसपुरते पैसे सुरुवातीला बाजूला हवेतच. हजेरीपत्रक, घरभाड्याचा दाखला, सहामाही प्रगती अहवाल आणि प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावा. एसआरएफच्या समितीला बाहेरचा तज्ज्ञ लागतो, त्याची तारीख मिळवण्याचं काम दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच सुरू करा.